पाणी मागनं येतंय, साहेब

ऊस तुटून गेला त्याच्या चौथ्या दिवशी खोडव्याचं बघायला म्हणून मळीत, म्हणजे नदीकडच्या रानात, गेलो तर मधल्या सरीत एक खुंटी ठोकलेली. डोक्याला लाल रंग. पुढं बघितलं तर शेजारच्या रानात अजून एक, ओढ्याकडं अजून एक, अशी रांगच गेलेली थेट बंधाऱ्यापर्यंत. मला पहिलं वाटलं कुणीतरी पाइपलाइन टाकतंय, आमच्याकडं कोण ना कोण नदीवरनं पाइपलाइन ओढतच असतंय. घरी येऊन तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "काल दुपारी जीप आलती. तिघं हुते, तीन पायाच्या स्टँडवरनं बघालते. म्हणलं कशाला, तर म्हणाले सर्व्हे." एवढंच. कशाचा सर्व्हे, कुणाचा, काय नाही.

हे २०२४ च्या फेब्रुवारीतलं. आमचं गाव दूधगंगेच्या काठावर, सदलगा भागात, अलीकडं कर्नाटक आणि नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन कामाचं दुकान आहे, उतारे काढायचे, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, रेशनकार्ड, असलं सगळं. शिकलो मराठी शाळेत पण कन्नड विषय होता आणि नंतर कॉलेज चिकोडीला, त्यामुळं कन्नड वाचायला येतंय, आणि हे एकदा गावाला कळलं की संपलं, कुठलाही सरकारी कागद आला की तो पहिला माझ्या काउंटरवर येतो, मग ज्याचा आहे त्याच्या घरी जातो.

खुंट्यांनंतर आठ दिवसांनी पंचायतीच्या बोर्डावर एक कागद लागला. एकच पान, सगळं कन्नडमध्ये, वर मोठ्या अक्षरात 'प्रवाह नियंत्रण'. आता कन्नडमध्ये प्रवाह म्हणजे महापूर, आणि मराठीत प्रवाह म्हणजे नदीचं वाहणं. आमच्या भावकीतले एक काका कन्नड अक्षरं एकेक जोडून वाचतात, ते चावडीत सांगत सुटले की सरकार नदीचा प्रवाहच नियंत्रणात घेणार, पाणी अडवणार, आपल्या मोटारी बंद पडणार. दोन दिवस गावात हेच चाललं. शेवटी मी दुकानासमोर उभा राहून सांगितलं, बाबांनो प्रवाह म्हणजे पूर, पुरापासून गाव वाचवायला नदीकडेनं भराव घालून 'तडेगोडे' म्हणजे आडवी भिंत बांधायचा विचार आहे. तरी निम्म्या लोकांना काकांचंच खरं वाटत राहिलं. आता मागं वळून बघितलं तर काका अगदीच चुकले होते असंही म्हणवत नाही.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या हे सीमाभागातल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतंय, आणि देत नाहीत हेही तितकंच पाठ. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला भाषेचा एवढा राग नव्हता. तो कागद मराठीत असता तरी त्यात होतं काय? नकाशा नाही, भिंतीची उंची नाही, कुणाचे सर्व्हे नंबर जाणार ते नाही. सभेची तारीख, आणि सार्वजनिकांनी हजर राहावे.

आता आमच्याकडं पूर कसा येतो ते सांगतो, कारण सगळं भांडण तिथंच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतंय की नदी वरनं येते म्हणजे पूरही वरनं येणार. काळम्मावाडी धरणातनं पाणी सोडलं, तिकडं घाटात पाऊस झाला, वेदगंगा भोजजवळ येऊन मिळाली, की दूधगंगा फुगणार. येतो, असाही येतो. २०२१ ला जुलैमध्ये दोन-तीन दिवसांच्या पावसानं असाच आला, रात्रीत चढला आणि मोटारी काढायलासुद्धा वेळ दिला नाही. पण मोठा पूर, जो घरात शिरतो आणि आठ-आठ दिवस बसून राहतो, तो असा येत नाही. तो मागनं येतो. खाली कल्लोळ-यडूरला दूधगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा म्हणजे कोयना, वारणा, पंचगंगा सगळ्यांचं पाणी घेऊन नरसोबावाडीवरनं आलेली. ती भरून चालली असली की आमच्या नदीला तिच्यात शिरायला जागाच राहत नाही. मग दूधगंगेचं पाणी थांबतंय आणि उलटं फुगायला लागतंय. पहिली खूण म्हणजे गावाच्या खालच्या अंगाचा ओढा. एरवी नदीकडं वाहणारा ओढा उलटा वाहायला लागतो, पाणी गढूळ, पण अजिबात आवाज नाही. पात्राकडं बघत बसलेला माणूस म्हणतो अजून दोन हात पाणी खाली आहे, आणि तोपर्यंत मागच्या गल्लीतल्या गोठ्यात घोटाभर पाणी आलेलं असतं.

म्हणून आमच्याकडं पावसाळ्यात म्हातारी माणसं सकाळी उठून नदीवर जात नाहीत, ओढ्यावर जातात. आणि मोबाईलवर राजापूर बंधाऱ्याचे क्युसेक बघतात. राजापूर तिकडं शिरोळ तालुक्यात, कृष्णेवर, आमच्या नदीवर नाहीच. पण तो आकडा चढला की आमच्या बायका धान्याची पोती माळ्यावर टाकायला सुरुवात करतात.

२००५ ला मी बारावीत होतो, पाणी सोप्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं आणि परत गेलं. २०१९ ला ऑगस्टमध्ये आलं ते माझ्या छातीपर्यंत, घरात. दुकानातलं झेरॉक्स मशीन टेबलावर ठेवलं होतं, टेबलच तरंगलं. जनावरं माळावर, माणसं शाळेत. त्यानंतरचं सगळ्यांना माहितीच आहे, १० हजार तातडीची मदत, मग घरांचा पंचनामा, ए, बी, सी. पूर्ण पडलेलं घर ए मध्ये, त्याला ५ लाख, आणि सी म्हणजे थोडी पडझड, ५० हजार. माझ्या चुलत्यांचं घर मागच्या बाजूनं अख्खं बसलेलं, समोरची भिंत तेवढी दगडाची म्हणून उभी. फोटो काढणारा समोरनं आला, समोरनंच गेला. सी. चुलते दोन वर्षं त्या सी च्या मागं फिरले, मीच त्यांचे अर्ज टाइप केलेत, फाइल अजून दुकानात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यामुळं कुणीतरी सरकारी माणूस गावात आला आणि म्हणाला 'तुमच्या भल्यासाठी आलोय' की लोक पहिला त्याचा कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते बघतात.

सभा मे मध्ये झाली, समाज मंदिरात, अकराची वेळ होती, साहेब सव्वाएकला आले. एक मोठे साहेब, एक जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, कोवळा पोरगा, उत्तर कर्नाटकातलाच पण तिकडचा, मराठी कळत होतं, बोलता कमी येत होतं. मोठ्या साहेबांनी कन्नडमध्ये वीस मिनिटं सांगितलं, पीडीओंनी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, त्याचं मराठी केलं दोन मिनिटांत. भिंतीवर नकाशा लावला होता, पण तो लावला होता पंख्याच्या मागं, वाऱ्यानं सारखा फडफडत होता आणि शेवटी दोन पोरं त्याचे कोपरे धरून उभी राहिली. नकाशात नदी निळी, गाव पिवळं आणि मधनं लाल रेघ. मी मोबाईलवर फोटो काढला, झूम करून बघितलं, लाल रेघ माझ्या रानातनं गेलेली होती, आणि खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडं, संपली होती. बस्स, संपली. पुढं काहीच नाही.

सगळ्यात पहिला उठले ते आमचे आबा. वय ऐंशीच्या पुढं, जन्मभर बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले-काढलेत, आमचा कोल्हापुरी बंधारा त्यांच्या अंगवळणी पडलाय. ते म्हणाले, "साहेब, भिंत चांगली हाय. पर पाणी मागनं येतंय. तुमी दार लावलासा म्होरचं, आन् परड्याचं उघडंच ठेवलासा."

पीडीओंनी हे कन्नडमध्ये सांगितलं की नाही मला शंका आहे, कारण मोठे साहेब हसून म्हणाले, "नोडोण, नोडोण." बघू, बघू.

मग मी उठलो. म्हटलं तीनच प्रश्न आहेत. भिंतीची उंची कुठल्या सालच्या पुरावर धरली? पावसाचं गावातलं पाणी, ओढ्याचं पाणी, ते भिंतीतनं नदीत कुठनं जाणार, मोरी ठेवली तर नदी चढल्यावर त्याच मोरीतनं नदी आत येणार, मग तिला झडप आहे का आणि ती लावायला रात्री दोन वाजता कोण येणार? आणि तिसरं, जमीन किती जाणार? पहिल्याचं उत्तर मिळालं 'टेक्निकल आहे'. दुसऱ्याचं 'डिझाइनमध्ये बघू'. तिसऱ्याचं 'हा फक्त सर्व्हे आहे, संपादन नाही, तुम्ही घाबरू नका'.

हा तिसरा भाग नीट समजून घ्या, कारण इथंच माणूस अडकतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस मिळतात. पण अधिसूचना निघाली नाही तर हरकत घ्यायची कशावर? आणि निघते तेव्हा रेघ पक्की झालेली असते. म्हणजे आधी विचारलं तर 'अजून काही ठरलेलं नाही' आणि नंतर विचारलं तर 'आता ठरलंय'. यांच्या मधे कुठंतरी एक दिवस असणार ज्या दिवशी ठरतं, तो दिवस आम्हाला कधी सापडला नाही.

घाबरू नका म्हणाले म्हणून मी घरी येऊन हिशोब केला. समजा मातीचा भराव ४ मीटर उंच, वर चालायला ३ मीटर, आणि दोन्ही अंगाला एकास दोन उतार. म्हणजे तळाला ३ अधिक ८ अधिक ८, १९ मीटर रुंदी. माझं रान नदीच्या लांबीनं साधारण ६० मीटर. गुणाकार केला की ११ गुंठ्यांच्या वर नुसत्या बांधाखाली जातात, माझे एकूण ३४. उरलेल्यातला नदीकडचा तुकडा बांधाच्या बाहेर राहणार, त्याला आधी जेवढं पाणी लागत होतं त्याच्यापेक्षा जास्त लागणार, आणि तो संपादनात धरत नाहीत कारण तो 'शिल्लक' आहे. हा कागद मी झेरॉक्स काढून नदीकडच्या सगळ्यांना वाटला. पैसे घेतले नाहीत, पहिल्यांदाच.

माझा भाचा बेळगावला इंजिनिअरिंग करतो, त्याला नकाशाचा फोटो पाठवला तर त्यानं मला रात्री बारापर्यंत व्हिडिओच पाठवले. बिहारमध्ये १९५४ ला १६० किलोमीटर तटबंध होते, ते पुढं ३ हजार किलोमीटरच्या वर गेले, आणि त्याच काळात पूरप्रवण जमीन २५ लाख हेक्टरची ६८ लाख हेक्टरच्या वर गेली. २००८ ला कोसीचा तटबंध नेपाळात कुसहाला फुटला आणि नदीनं वाटच बदलली. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, ऑगस्ट २००५, म्हणजे आमच्या इकडं पूर आला त्याच पावसाळ्यात, तिथं वादळात कालव्यांच्या पूरभिंती काही ठिकाणी पाणी वरपर्यंत पोचायच्या आधीच ढासळल्या, आणि पुढच्या वर्षी बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअरांनीच डिझाइन चुकल्याचं कबूल केलं. हे मी आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्यात तर माती काळी हाय. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळती. त्याचा बांध घालून पयलं पाणी लागलं की बसलाच." आणि मग खेकड्यांवर आले. २०१९ ला तिकडं रत्नागिरीत तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांचं नाव पुढं आलं आणि अख्खा महाराष्ट्र हसला, आम्हीही हसलो. पण बांधाला खेकडा आणि घूस बिळं पाडते हे नदीकाठच्या माणसाला सांगायला लागत नाही. फरक एवढाच की आम्ही दर उन्हाळ्यात बांधावरनं फिरून ती बुजवतो.

जुलैच्या शेवटी पूर आलाच. २०१९ एवढा नाही, पण पूल पाण्याखाली, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, सगळीकडचे रस्ते बंद. पाणी मळीत आठवडाभर होतं. उतरलं तेव्हा खुंट्या गेलेल्या, एकही शिल्लक नाही. गावात लोक म्हणाले नदीनंच हरकत घेतली.

त्याच आठवड्यात अक्काचा फोन. माझी थोरली बहीण नदीच्या पलीकडं दिली आहे, हाकेच्या अंतरावर म्हणा, पूल चालू असला तर गाडीवर दहा मिनिटं, पूल बुडाला की पन्नास-साठ किलोमीटरचा फेरा. ती पहिलंच वाक्य बोलली, "काय रे, भिंत बांधालाय म्हणं तुमी?" मला कळेना हिला कुणी सांगितलं. म्हणाली, "पलीकडं सगळ्यांस्नी म्हाईत हाय. तुमची भिंत झाली की तुमचं पाणी आमच्या सोप्यात. भाऊबिजंला येताना होडी घिऊन ये." चेष्टा केली तिनं, पण दाजी मागनं बोलत होते ते चेष्टेत नव्हतं.

आणि त्यांचं बरोबरच होतं. नदीला पसरायला दोन काठ आहेत, एक बंद केला तर दुसऱ्यावर चढणार, आणि पलीकडचा काठ तर दुसऱ्या राज्यात. इथल्या खात्याला पलीकडचं गाव नकाशावर पांढरं दिसतं, त्यात घरं नाहीत, नुसती कडा. त्या लोकांना सभेची नोटीस कुठनं जाणार? दोन राज्यं कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या पातळीवर भांडतात, ५१९.६० मीटर का ५२४.२५६ मीटर, पेपरात पानंच्या पानं भरतात. आमच्या इथल्या वीत-दोन वीत पाण्यावर कुणी भांडत नाही, आणि ते जातं बहिणीच्या घरात.

मग मी माहिती अधिकार टाकला. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, त्यासाठी चिकोडी पोस्टात दोन हेलपाटे. कर्नाटकच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. मी माणसांचे अर्ज टाइप करून पोट भरतो, पण स्वतःचा अर्ज १५० शब्दांत बसवताना घाम फुटला. पहिला परत आला, दोन विषय आहेत म्हणून. उंची हा एक विषय आणि ओढा हा दुसरा, असं त्यांचं म्हणणं. दुसरा पाठवला, फक्त उंचीवर. ३० दिवस गेले, काही नाही. पहिलं अपील केलं, मग एक जाड पाकीट आलं, आत नदीचे आडवे-उभे छेद, आकड्यांचे तक्ते, इंग्रजीत.

भाचा दिवाळीला आला तेव्हा दोघांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते कागद जमिनीवर पसरले. त्याला जे कळलं ते असं, की त्यांनी वरनं किती क्युसेक येणार तो हिशोब नीट केलेला, धरण, पाऊस सगळं. पण खालच्या टोकाला, म्हणजे कृष्णेकडं, पाण्याची पातळी धरली होती ती नेहमीच्या पावसाळ्यातली. म्हणजे कागदावर आमची नदी चढते आणि कृष्णा तिला मोकळी वाट देते. असं झालं असतं तर भांडण कशाला होतं! सदलग्याला केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजायचं केंद्र आहे, वर्षानुवर्षांच्या पातळ्या तिथं लिहिलेल्या आहेत. ते आकडे या तक्त्यात वापरल्याचं कुठं दिसलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, ही चोरी नाही, आळस आहे." मला आळसाचा जास्त राग आला.

इथं एक गोष्ट मात्र आमच्या बाजूचीही सांगायला पाहिजे. लाल रेघेला बंधाऱ्याजवळ एक वळण होतं, सरळ येता येता एकदम गावाकडं वळलेली. गावात पक्कं ठरलं होतं की ते वळण एका पुढाऱ्याचा ऊस वाचवायला दिलंय. व्हॉट्सॲपवर नकाशावर गोल काढून फिरलं, मीही फॉरवर्ड केला, खोटं कशाला बोलू. पाकिटातल्या कागदात बघितलं तर त्या जागी जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरी, आणि पाइपलाइनी होत्या, गावच्या पिण्याच्या पाण्याची पण त्यातच, म्हणून वळण. पुढाऱ्याचा ऊस वाचत होता हे खरं, पण त्यासाठी नव्हे. मी ग्रुपवर तसं लिहिलं. खाली दोनजणांनी लिहिलं, 'किती मिळाले?' म्हणजे आता त्यांचा माझ्यावरही विश्वास नाही. बरं.

२०२५ च्या मे मध्ये एक दिवस तो जेई पोरगा एकटाच आला, मोटरसायकलवर, जीप नाही, मोठे साहेब नाहीत. दुकानात बसला, पाणी प्यायला, आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "तुमच्या अर्ज मी वाचलं. २०१९ चं मार्क दाखवता काय?" मला पहिलं वाटलं हा काहीतरी लिहून घेऊन सही मागणार. सही देणार नाही म्हणालो. तो म्हणाला सही नको, मार्क पाहिजे.

त्याला घेऊन मारुतीच्या देवळात गेलो. २०१९ ला पाणी उतरल्यावर आम्ही पोरांनी दगडी खांबावर रेघ मारून तारीख लिहिली होती, २००५ ची रेघ त्याच्या खाली होती, मोठ्या अभिमानानं पाहुण्यांना दाखवायचो. देवळात गेलो आणि माझे पाय थबकले. जीर्णोद्धार झालेला ना! वर्गणी मीही दिलेली. सगळे खांब ऑइल पेंटनं चकचकीत पिवळे. रेघ नाही, तारीख नाही, काही नाही. वर्षभर मी त्या खात्याला विचारत होतो तुमचा आकडा कुठनं आला, आणि आमचा आकडा आम्हीच दोन हात रंग मारून बुजवलेला. तो पोरगा काही बोलला नाही, खांबाला नुसता हात लावून बघितला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आबा कट्ट्यावर बसले होते, ते म्हणाले मागच्या गल्लीतल्या आज्जीकडं जावा. आज्जीचं घर जुनं, रंग कधी लागलाच नाही. तिच्या चौकटीला पाण्याची रेघ तशीच होती, लाकूड खाली काळं आणि वर तांबूस. आज्जी म्हणाली, "ह्येच्यावर एक बोट हुतं, मी उतरताना बघिटलंय." त्या पोरानं पट्टी लावली, परत रस्त्यावर जाऊन स्टँड मांडलं, बंधाऱ्यावरच्या त्यांच्या उंची मोजायच्या दगडापासून दोन तास लेव्हल आणत बसला, मी पट्टी धरून उन्हात उभा. शेवटी वहीत बेरीज-वजाबाकी करून गप्प झाला. मी विचारलं, भिंत कुठं येते? त्यानं आज्जीच्या चौकटीवर रेघेच्या खाली बोट ठेवलं. रेघेपासून माझ्या हातानं दीड वीत खाली. म्हणजे भिंत बांधून, ११ गुंठे देऊन, बहिणीशी वैर घेऊन, २०१९ चं पाणी भिंतीवरनं आलं असतंच. आणि मागनंही आलं असतं, ते वेगळं.

मग आम्ही दोघं ओढ्यावर गेलो. ओढा कोरडाच होता मे मध्ये. आबांनी काठीनं दाखवलं, इथपर्यंत उलटं येतं, इथनं गल्लीत शिरतं. पोरानं फोटो काढले, दोन्ही बाजूंनी, हे मी मुद्दाम बघितलं. जाताना म्हणाला रिपोर्ट देतो, पुढं साहेब लोक ठरवणार. मी म्हटलं नोडोण. तो हसला.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर परत खुंट्या आल्या आहेत. यावेळी पांढऱ्या, आणि माझ्या रानात वीस पावलं गावाकडं सरकलेल्या. चौकटीच्या रेघेमुळं सरकल्या, की दुसऱ्याच कशामुळं, तलाठ्याला विचारलं तर त्याला माहीत नाही, पंचायतीत विचारलं तर त्यांना नोटीस नाही. ओढ्याकडं एकही खुंटी नाही. गावात दोन तट पडलेत, काहीजण म्हणतात जेवढी मिळते तेवढी भिंत घेऊया, काहीजण म्हणतात खुंट्या उपटून टाकूया. मी अजून उपटलेली नाही. तिच्या बुडाला तारीख लिहून फोटो काढून ठेवलाय.

आणि अक्कानं काल पलीकडच्या देवळाच्या खांबाचा फोटो पाठवलाय, त्यांच्या देवळाला रंग लागलेला नाही, २०१९ ची रेघ स्पष्ट आहे. दाजींनी शेजारी टेप धरलाय, पण उलटा धरलाय, आकडे वाचायला मोबाईल फिरवायला लागतो. मी ते वहीत उतरून घेतलं, आज्जीच्या चौकटीच्या आकड्याशेजारी. जेई पोराला दुपारी फोन लावला, उचलला नाही. संध्याकाळी परत लावतो.